उपरण्याखालचा भाव

सावळारामला फसायचे नव्हते. त्याची महत्त्वाकांक्षा एवढीच होती, आणि पुढे जे जे घडले ते या एका निरुपद्रवी इच्छेपोटी घडले.

घराचे कुलूप तो तीनदा ओढून पाही आणि चौथ्यांदा पाहायला रस्त्याच्या वळणावरून परत येई. दूध तापले की ते खरोखर तापले आहे काय, या शंकेने पुन्हा तापवी. अवसरी खुर्दच्या बाजूच्या ज्या महाविद्यालयात तो ग्रंथालय सहायक होता, तिथे परत आलेल्या पुस्तकाची पाने मोजून घेण्याची प्रथा त्यानेच सुरू केली होती आणि तो एकटाच ती पाळत होता. जगाविषयी त्याच्या मनात राग नव्हता. नुकत्याच भेटलेल्या भाडेकरूविषयी घरमालकाच्या मनात असते तशी एक सौम्य, अखंड धास्ती होती.

वृषालीने, त्याच्या बायकोने, आपले तीस हजार रुपये त्याच्या हवाली केले ते याच गुणावर भरवसा ठेवून. मंचरच्या त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्यांत सहा वर्षे लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन तिने ते साठवले होते. तिला पिठाची गिरणी टाकायची होती. मोटरसकट गिरणीला पंचेचाळीस हजार लागत होते. उरलेल्या पंधरा हजारांसाठी आणखी तीन वर्षे ‘बे एक बे’ म्हणायची तिची तयारी होती. ते ऐकत राहायची सावळारामची नव्हती.

“वर्षभरात पंचेचाळीस करून देतो,” तो म्हणाला. “शेअर बाजारात. पण सावधपणे.”

“तुम्ही करणार म्हणजे सावधपणेच,” वृषाली म्हणाली. “तुमच्याच्यानं दुसरं होणार आहे का काही?”

हे कौतुक होते की काय होते, याचा विचार करण्यात त्याची ती दुपार गेली.

ते दोन हजार सातचे साल होते. त्या वर्षी शेअर बाजार असा वर चालला होता की मंचरच्या केशकर्तनालयात अर्धी दाढी झालेली गिऱ्हाइकेसुद्धा निर्देशांकाविषयी बोलत. सावळारामने प्रथम दोनशे पानी वही आणली, तिला खाकी कव्हर घातले आणि वर लिहिले: ‘फसवणूक: स्वरूप आणि प्रतिबंध’. वर्तमानपत्रांतून, मासिकांतून आणि एका निवृत्त बँक अधिकाऱ्याच्या व्याख्यानातून त्याने अकरा नियम गोळा केले. हमखास नफ्याचे वचन देणाऱ्यापासून दूर राहावे. घाई करणाऱ्याशी व्यवहार करू नये. पावती घ्यावी. आधी थोडी रक्कम घालून, ती परत निघते का हे पाहावे. अकरावा नियम होता, शंका आल्यास जाणकारास विचारावे. मुंज झालेल्या बटूने गायत्री म्हणावी तसे ते नियम तो आंघोळीनंतर म्हणत असे.

शेजारचे सोपानराव एसटीतून निवृत्त झालेले वाहक. त्यांनी वही चाळली, बोटाला थुंकी लावून, तिकिटे मोजावीत तशी.

“सावळारामभाऊ, आटावीस वर्सं तिकिटं फाडलीत मी,” ते म्हणाले. “मानूस पायरीवर पाय ठिवतो तवाच कळतं, फुकटा हाय का पासवाला. तुमी रागवू नका, पन तुमचं त्वांड फसनाऱ्याचं हाय.”

“फसणाऱ्याचं तोंड कसं असतं?”

“वही घिऊन बसल्यालं आसतं.”

सावळारामने वही मिटली. पुढे आठ दिवस तो आरशासमोर गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ उभा राहत असे.

सरळ मार्गाने जायचे तर खाते उघडावे लागते. म्हणून तो नारायणगावच्या एका रीतसर दलालाच्या कार्यालयात गेला. तिथे पॅन कार्ड मागितले. ते यायला पाच आठवडे लागले, आणि आले तेव्हा त्यावरच्या छायाचित्रातला इसम ज्या कुणा संस्थेला हवा होता ती शेअर बाजाराशी संबंधित वाटत नव्हती. मग राहत्या घराचा पुरावा मागितला. विजेचे बिल घरमालकाच्या वडिलांच्या नावावर होते, आणि ते वडील वारून अकरा वर्षे झाली होती. भाडेकरार करून द्यायला घरमालक तयार नव्हता, कारण त्याच्या मते त्या खोल्या सरकारदरबारी अजून बांधल्याच गेल्या नव्हत्या. बँकेने पत्ता बदलायला रेशन कार्ड मागितले, रेशनच्या कचेरीने विजेचे बिल मागितले, आणि विजेच्या कचेरीने सावळारामला विचारले की मयताशी तुमचे नाते काय.

तेही त्याने निस्तरले असते. पण अखेरच्या दिवशी, चोवीस ठिकाणी सह्या करून झाल्यावर, काउंटरवरच्या बाईंनी पहिली सही आणि चोविसावी सही शेजारी शेजारी ठेवल्या.

“जुळत नाहीत,” त्या म्हणाल्या.

“हात भरून आला हो.”

“ते ठीक आहे. पण ही सही तुमचीच, हे आम्ही कशावरून धरायचं?”

सावळाराम बाहेर आला. रस्त्यावर टोमॅटोचे टेम्पो चालले होते, ऊन होते, आणि अडतीस वर्षे जपून वापरलेले आपले अस्तित्व एका काउंटरच्या काचेआड नामंजूर होऊन पडले आहे, असे काहीसे त्याला वाटत होते. मी नाही तर मग आत्ता इथे कोण उभा आहे, या प्रश्नावर माणसे डोंगरात जाऊन बसली आहेत. सावळाराम मंचरच्या सायबर कॅफेत जाऊन बसला.

तिथे त्याला ‘स्वर्णमयूर ग्लोबल ट्रेड’ भेटली.

स्वर्णमयूरने फक्त नाव विचारले आणि मोबाईल नंबर. विजेचे बिल विचारले नाही. सही मागितली नाही. तो खुर्चीत मागे टेकतो न टेकतो तोच पडद्यावर निळ्या मखमली पार्श्वभूमीवर अक्षरे उमटली: ‘आदरणीय सावळाराम, आपले स्वागत आहे.’ आदरणीय! हा शब्द त्याने आजवर निरोप समारंभाच्या निमंत्रणपत्रिकांवर दुसऱ्यांसाठी लिहिला होता. ज्यांचा व्यवहार सचोटीचा होता त्यांनी त्याला चोरासारखे तपासले होते. इथे मात्र कुणीतरी, न पाहता, न चाचपता, त्याच्यावर विश्वास टाकत होते. आपल्यावर विश्वास टाकणाऱ्यावर अविश्वास दाखवणे त्याला असभ्यपणाचे वाटले. फसवणुकीचे हे स्वरूप त्याच्या वहीत नव्हते.

अर्थात नियम त्याने सोडले नाहीत. कंपनीला कार्यालय आहे का? पडद्यावर काचेच्या इमारतीचे चित्र होते. तिचे मजले त्याने दोनदा मोजले, चौदा भरले. नोंदणी? प्रमाणपत्र होते, त्यावर गोल शिक्का आणि शिक्क्यात मोर होता. नोंदणी क्रमांक त्याने सुवाच्य अक्षरात वहीत उतरवून घेतला. तो खरा आहे का हे कुठे विचारायचे असते, याविषयी मात्र वही गप्प होती. हमखास नफ्याचे वचन? त्यांचे प्रतिनिधी ऋषीसर फोनवर म्हणाले, “सर, हमखास असं आम्ही कधीच म्हणत नाही. आजवर कमी झालेलं नाही, एवढंच म्हणतो.” घाई? “अजिबात नाही, सर. अगदी सावकाश. आज पाचपर्यंत.”

आणि पावती तर छापील होती.

चौथ्या नियमानुसार सावळारामने पाच हजार घातले आणि आठवड्याने पाचशे परत मागितले. ऋषीसर स्वतः मोटारसायकलवरून मंचरच्या एसटी स्थानकावर आले. टाय बांधलेला, काळी बॅग, केसांना पाणी. पाचशेची कोरी नोट त्यांनी पाकिटात घालून दोन्ही हातांनी दिली. सावळारामने ती उजेडात धरून पाहिली. खरी होती. त्याच संध्याकाळी त्याने उरलेले पंचवीस हजार आणि ती पाचशेची नोटही त्यांच्या हवाली केली.

मग रक्कम वाढू लागली. रोज महाविद्यालय सुटल्यावर तो कॅफेत जाई, आणि पडद्यावर आकडा कालच्यापेक्षा मोठा असे. चाळीस. अठ्ठावन्न. त्र्याण्णव. पण सावळारामच्या सुखाला शांतता ठाऊक नव्हती. भारनियमनाचे ते दिवस. ऐन आकडा उमटत असताना वीज जाई, पडदा विझे, आणि त्या काळ्या काचेत फक्त त्याचाच चेहरा उरे, वही घेऊन बसलेला. पैसे आता कुठे असतील, हा विचार त्याला पोखरू लागे. अंधारात आकडे काय करतात? वीज आली आणि आकडा आला नाही तर? सोपानरावांशी तो दबल्या आवाजात बोलू लागला, श्रीमंत माणसे बोलतात तसा. सोपानराव त्याच्याकडे पाहत, आणि काहीच म्हणत नसत. ते त्याला अधिक खटके.

दिवाळीनंतर आकडा एक लाख शहाऐंशी हजारांवर पोचला. त्याच सुमारास वृषालीला कळंबमध्ये एक गिरणी सापडली, जुनी, पण मोटर चांगली.

“पंचेचाळीस काढा आता,” ती म्हणाली. “बाकीचं राहू दे तुमचं.”

सावळारामने कॅफेत जाऊन ‘रक्कम काढा’वर माऊस दाबला. पडदा थोडा वेळ विचारात पडला. मग आदरणीय सावळाराम यांना कळवण्यात आले की रक्कम मोकळी करण्यासाठी प्रथम बारा हजार चारशे रुपये मुक्तता शुल्क भरणे आवश्यक आहे.

“त्यातूनच कापून घ्या की,” तो फोनवर म्हणाला.

“नियमात बसत नाही, सर,” ऋषीसर हळहळले. “मला स्वतःला वाईट वाटतं. पण नियम म्हणजे नियम. तुम्ही तर स्वतः नियमाची माणसं.”

फोन ठेवताच सावळारामने वही काढली. त्याने अकरावा नियम उघडला. शंका आल्यास जाणकारास विचारावे. तो चौकीत गेला आणि आपल्या एका मित्राच्या बाबतीत एक गोष्ट घडली असल्याचे त्याने सांगितले.

हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतले. “तुमच्या मित्राचे पैशे कुठंयत?”

“पडद्यावर दिसतात.”

“मंग गेलं कुठं? दिसत्यात ना? जी वस्तू दिसती ती चोरीला गेली म्हनून कशी लिहू?” त्यांनी पेन खाली ठेवले. “आन् पडदा कुनाच्या हद्दीत येतो? कॅफे मंचरात, म्हंजे आंबेगाव तालुका. पैशे कुठं दिलं?”

“स्टँडवर. मित्रानं.”

“आन् कंपनी?”

“काचेची इमारत आहे.”

“कुठंय?”

सावळारामने मनातल्या मनात इमारत पुन्हा पाहिली. चौदा मजले मोजले होते. ती उभी कुठे आहे, हे विचारायचे राहून गेले होते.

“मित्राला म्हनावं, चा घ्या,” हवालदार सहानुभूतीने म्हणाले, आणि त्यांनी खरोखरच चहा मागवला. मित्राचा चहा सावळाराम प्यायला.

आता दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर हे सगळे खोटे होते, आणि मग वृषालीची सहा वर्षे त्याने आपल्या हाताने, पावती घेऊन, बुडवली होती. किंवा सगळे खरे होते आणि फक्त बारा हजार चारशे कमी होते. दुसरी शक्यता स्वस्त होती.

पैसे मागायला त्याच्याजवळ एकच माणूस होता. बेल्ह्याचा त्याचा सासरा चिमाजी. चिमाजी चाळीस वर्षे बेल्ह्याच्या बैलबाजारात दलाली करत आला होता. सावळारामला पाहायला तो प्रथम मंचरला आला तेव्हा त्याने जावयाला दोनदा मुद्दाम हसवले होते. ते खेळकरपणाने नव्हते, दात पाहायचे होते, हे सावळारामला लग्नानंतर कळले, आणि तेव्हापासून तो सासऱ्यासमोर ओठ मिटून हसे. जाणकारांच्या यादीत चिमाजी त्याला कधी सुचलाच नव्हता.

“मामा, स्लॅब गळतोय,” त्याने फोनवर सांगितले. “बारा हजार चारशे लागतील.”

पलीकडे थोडा वेळ बैलांच्या घंटा वाजत राहिल्या.

“सोमवारी बाजाराला या, जावयबापू,” चिमाजी म्हणाला. “दलालीचं हातात येतील ते देतो.”

ऋषीसरांच्या हिशेबी शुल्क भरायला सोमवार हाच शेवटचा दिवस होता. ते म्हणाले, काळजी नको सर, मी बेल्ह्यालाच येतो.

त्या सोमवारी एसटीने आळेफाट्यावरून बेल्ह्याला जाताना सावळारामच्या मनात भीती रांगेने उभ्या होत्या. ऋषी येणार नाही, ही एक. येईल, ही दुसरी. मामा देणार नाहीत, मामा देतील. आणि सर्वांत मागे, कुणाच्या नजरेस न पडता, वृषाली उभी होती, खडूने माखलेल्या बोटांनी.

बाजार भरात होता. टेम्पोंच्या फळ्या पाडलेल्या, शिंगांना हुरमुंजाचा तांबडा रंग, धूळ आणि शेणाचा उबदार वास. सावळारामला या बाजाराविषयी आधीपासूनच सुशिक्षित माणसाची नापसंती होती. तिथे भाव कुणी तोंडाने बोलत नसे. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात धरत, वर उपरणे टाकत, आणि उपरण्याआड बोटे दाबून आकडा सांगत. एक बोट म्हणजे हजार की दहा हजार, हे जनावर पाहून ज्याचे त्याने समजायचे. पटले नाही तर हात काढून घ्यायचा. हात काढला नाही, म्हणजे कबूल. कागद नाही, सही नाही, राहत्या घराचा पुरावा नाही. उजेडातल्या, निळ्या पडद्यावरच्या आकड्यांपुढे हा चिंध्यांखालचा कारभार त्याला रानटी वाटे.

चिमाजी एका खिल्लारी खोंडाच्या वशिंडाला हात लावून उभा होता. तेवढ्यात धुळीतून मोटारसायकल आली. टाय, काळी बॅग.

“नमस्कार, आदरणीय,” ऋषी म्हणाला.

“हे पावनं कोन?” चिमाजीने विचारले.

“हे... माझे एक सहकारी.”

चिमाजीने सहकाऱ्याचे बूट पाहिले, टाय पाहिला, बॅग पाहिली. खोंड पाहतो तसा, पायाकडून वर.

“जावयबापू, भाड्याच्या घराचा सलॅब तुमी का वो भरताय?”

सावळाराम खोंडाच्या शिंगांकडे पाहू लागला.

“आन् सलॅबवाला गवंडी बारा हजार म्हनतो, न्हाईतर तेरा. चारशे वर कशापायी? चारशेवाला आकडा कागदाचा आसतो. फोनवरच वळखलं म्या. म्हनलं, समोर घिऊन या.”

आणि मग, बैलांच्या गर्दीत उभा राहून, सावळारामने सगळे सांगितले. सासऱ्याला सांगायला सुरुवात केली होती. संपेपर्यंत अकराजण ऐकत होते. चिमाजीने मध्ये एकदाच विचारले.

“पाचशे परत कवा दिलं?”

“पहिल्याच आठवड्यात. मी पडताळून पाहिलं होतं, मामा.”

“तुंबवल्यालं दूध,” चिमाजी म्हणाला. “म्हस ईकायची आसली का ईकनारे हेडे दोन वेळचं दूध पिळत न्हाईत. बाजारात कास आशी भरल्याली दिसती! गिऱ्हाईक धार काढून बगतो, बालदी भरती, घिऊन जातो. दुसऱ्या दिशी दोन लिटर. तुमी पडताळलं खरं, पन त्यांनी दावलं तेवढंच. धार कवा काढायची हे ईकनाऱ्यानं ठरवलं, मंग ती परीक्षा कसली?”

ज्या वाक्यासाठी दोनशे पानी वही उघडी राहिली होती ते वाक्य एका खोंडाच्या पाठीवरून आले. ते टिपून घ्यावे असे सावळारामला फार वाटले. त्याने वही काढली नाही.

चिमाजी ऋषीकडे वळला, अतिशय प्रेमाने. “किती हाय म्हनता जावयाचं तुमच्यापाशी?”

“एक लाख शहाऐंशी हजार, काका. रोज वाढतंय.”

“आन् बारा हजार भरलं का सुटतं?”

“चोवीस तासांत.”

“मंग जनावर नामी हाय. आमी ईकतो. तुमीच घ्या.”

ऋषी हसला. “असं नसतं, काका. खातं नावावर असतं.”

“नाव ऱ्हाऊ द्या जावयाचं. सुटलं का पैशे तुमी न्या. बारा खरचून तुमाला पावनेदोन लाख मिळत्याल. आमाला लालूच न्हाई.” चिमाजीने उपरणे खांद्यावरून काढले. “का खोटं हाय?”

“शंभर टक्के खरं आहे, काका.”

“मंग द्या हात.”

इथे ऋषीचे शिक्षण आडवे आले. पुण्याच्या एका हॉटेलात तीन दिवस चाललेल्या प्रशिक्षणात त्याला शिकवले होते की ग्राहकाचा हात घट्ट धरावा, डोळ्यांत पाहावे, आणि काहीही झाले तरी हात आधी आपण सोडू नये. त्याने हात दिला. उपरणे पडले. आत चिमाजीने तीन बोटे दाबली.

“हात काढायचा आसंल तर काढा, पावनं,” चिमाजी मोठ्याने म्हणाला.

“हात कशाला काढू, काका?” ऋषी चिमाजीच्या डोळ्यांत पाहत म्हणाला. “विश्वासाचा हात आहे.”

“पुन्यांदा ईचारतो. काढा.”

“नाही, काका.”

“तिसऱ्यांदा.”

ऋषीने दुसराही हात उपरण्याखाली घातला आणि वरून प्रेमाने थोपटला.

“बसला!” अकराजण एकदम ओरडले. चिमाजीने उपरणे झटकून खांद्यावर टाकले. “तीस हजाराला दिलं. मुद्दल तेवढं घेतलं. पन्नास दाबलं आसतं तरी बसलं आसतं, पन पावना नवा हाय.”

ऋषी हसत राहिला. मग त्याच्या ध्यानात आले की आणखी कुणी हसत नाही, आणि तो व त्याची मोटारसायकल यांच्या मधोमध आता सहा बैल आणि त्यांचे मालक उभे आहेत.

“आवो, मला म्हाईत न्हवतं!” तो ओरडला, आणि त्याची सगळी पुणेरी भाषा गळून पडली. “मला काय ठावं तुमचं बोटांचं!”

चिमाजी एक पाऊल पुढे सरकला. “कुठला रं तू?”

“येडगावचा.”

“कुनाचा?”

“जानकूचा.”

“धरनाच्या कडंला मळा हाय तो जानकू? आरं, तुज्या बाला दोन खोंडं दिलीत म्या. एक रुपाया बुडावला न्हाई त्यानं.” चिमाजीने उपरण्याने तोंड पुसले. मग त्याने हळू विचारले, “तुजं किती हाय रं त्या पडद्यावर?”

“दोन लाख चाळीस.”

“काढलंस का कवा?”

ऋषीने टायची गाठ सैल केली. “न्हाई,” तो म्हणाला. “मला बी शुल्क सांगितलंय. दहा मेंबर आनलं का माफ करनार व्हते. हे धरून नऊ झालं.” त्याने सावळारामकडे मान केली.

कुणीतरी काळी बॅग उघडली. आत त्या दिवशी सकाळी गोळा केलेली पाकिटे होती, सात. एकूण अडतीस हजार, प्रत्येकावर नाव आणि रक्कम. “घ्या की, जावयबापू, तीस मोजून,” मागून आवाज आले. “सौदा बसलाय. हक्काचं हाय.”

सावळारामचा हात पुढे गेला. कित्येक महिन्यांत प्रथमच पैसे पडद्यावर नव्हते, समोर होते. तीस उचलायचे, पाचची गाडी धरायची, वृषालीच्या ओंजळीत ठेवायचे, आणि काही झालेच नाही असे म्हणायचे. वरचे पाकीट त्याने उचलले. बोटाला थुंकी लावून मोजणाऱ्या माणसाचे ते ओबडधोबड अक्षर त्याने शंभरदा पाहिले होते. ‘सोपान, मंचर. पाच हजार.’

ऊन तसेच होते, धूळ तशीच. ज्या माणसाने आयुष्यात कोणतीही गोष्ट एकदा पाहून ठरवली नव्हती त्याने ही ठरवली, आणि पुन्हा पाहिले नाही.

“हे नको, मामा,” तो म्हणाला. “हे त्यांचं त्यांना.”

“मंग तुमचं?”

“बघू.”

चिमाजीने जावयाकडे पाहिले. सावळाराम अभावितपणे हसला होता, आणि दात दिसत होते.

मग चिमाजीने मोटारसायकलभोवती दोन फेऱ्या मारल्या, चाकांना टाच मारून पाहिली, टाकीचे झाकण उघडून वास घेतला, आणि बावीस हजार ठरवले. त्याला उपरणे लागले नाही. ऋषी नको म्हणाला नाही. उरलेल्या आठ हजारांचा शब्द त्याने दिला. तो शब्द अजून यायचा आहे. चिमाजीने त्याला भाकरी खाऊ घातली, येडगावच्या वाटेपर्यंतचे गाडीभाडे दिले आणि सांगितले, “बाला म्हनावं, गाडी चिमाजीनं घेतली. खोटं बोलू नगंस, मी ईचारनार हाय.”

सावळारामला निघताना त्याने ते बावीस हजार मोजून दिले आणि वर आपले उपरणे दिले. “हे वृषालीला द्या. फोन केलाय म्या तिला. बाकी तिला कळंल.”

पाकिटे घेऊन सावळाराम मंचरला उतरला. पहिले दार सोपानरावांचे होते. त्यांनी पाकीट पाहिले, आपले अक्षर पाहिले, आणि सावळाराम जे वाक्य वाटभर जुळवत आला होता ते त्याला बोलूच दिले नाही.

“पडताळून बगत व्हतो,” सोपानराव म्हणाले. “तुमच्यासाटीच. तुमचं काय खरं दिसंना, म्हनलं आपन आत शिरून बगावं.”

“बरोबर आहे.”

“कुनाला बोलू नका.”

“नाही.”

“वही हाय का वो ती तुमच्याकडं अजून?” सोपानरावांनी खालच्या आवाजात विचारले. “वाचाया द्या दोन दिवस.”

घरात दिवेलागण झाली होती. मुले नुकतीच गेली असावीत. फळ्यावर अजून पाढा होता.  सावळारामने बावीस हजारांची गोष्ट सांगायला तोंड उघडले, तर वृषालीने मानेनेच नको म्हटले. तिने त्याच्या हातातले उपरणे घेतले, त्याच्या मनगटावर पसरले, आणि खाली हात घातला. ती बैलबाजारातल्या दलालाची मुलगी आहे, याचा या सात वर्षांत त्याला जणू विसर पडला होता. तिची बोटे खडूने खरखरीत होती. तिने तीन दाबली.

“तीन काय?” त्याने विचारले.

“हात काढायचाय?”

त्याने विचार केला नाही. “नाही.”

“मग बसला,” ती म्हणाली, आणि उपरण्याची घडी करून तिने ते कपाटात ठेवले.

तीन महिने असतील, त्याने अंदाज केला. किंवा तीन हजार. किंवा बायका मनात ठेवतात तसले आणखी काही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला तो महाविद्यालयातून आला तेव्हा वृषाली कळंबला गिरणी पाहायला गेली होती. बावीस हजार विसार म्हणून देऊन उरलेल्याचे हप्ते ती ठरवणार होती. खोलीत सतरा मुले मांडी घालून त्याचीच वाट पाहत बसली होती, आणि खुर्चीवर खडू ठेवला होता.

तीन वर्षे, हे त्याला तेव्हा कळले.

त्याने खडू उचलला. “बे एक बे,” तो म्हणाला. सतरा आवाज त्याच्यामागून आले. “बे दुणे चार,” त्याने म्हटले, आणि मुले ओरडत होती तेवढ्यात, मनातल्या मनात, एकदा पडताळून पाहिले.